पेर, टक्का आणि अपील

कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराला मिळणारा अपंगत्व लाभ हा वर्गणी भरून मिळवलेला विम्याचा हक्क आहे, हे कायद्याच्या दृष्टीने निर्विवाद असले तरी दावा नाकारल्याचे पत्र हाती पडते तेव्हा स्वतः कामगारासह बहुतेकांना त्याचा विसर पडतो आणि मागणी याचनेच्या सुरात सुरू होते. प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 साली सादर केलेल्या अहवालाच्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि फेब्रुवारी 1952 मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. जुलै 2019 पासून या योजनेसाठी मालकाकडून वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराकडून 0.75 टक्के वर्गणी घेतली जाते. कामगारवस्तीत ही योजना नुसत्या ‘ईएसआय’ या नावाने ओळखली जाते आणि दवाखाना, रजेचा पगार व बोट गेल्यावर मिळणारे पैसे या तिन्ही गोष्टी त्या एकाच शब्दात मोडतात.

भोसरी, चिंचवड, तळवडे आणि चाकण या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनवणारी लहान लहान वर्कशॉपे आहेत, आणि त्यांतल्या पॉवर प्रेसवर बोट जाणे हा तेथील कामगारांच्या बोलण्यातला सवयीचा विषय आहे. पॉवर प्रेस म्हणजे वरचा पंच खालच्या डायवर जोराने आणून पत्र्याला आकार देणारे यंत्र. जुन्या प्रेसवर कामगार एका हाताने पत्रा सरकवतो, पायाने पायडल दाबतो आणि पंच वर गेला की तयार झालेला भाग काढून घेतो. पायडल क्षणभर आधी दाबले गेले, किंवा यंत्राने आपणहून दुसरा ठोका दिला, तर हात आतच राहतो. अशा कामगारांचे दावे कामगार संघटनेच्या कार्यालयात बसून वर्षानुवर्षे हाताळताना प्रस्तुत लेखकाच्या जे पदरी पडले ते येथे मांडले आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की या दाव्यांत जखमेविषयी वाद क्वचितच असतो. वाद असतो तो जखम आणि काम यांना जोडणाऱ्या कागदाविषयी, आणि तो कागद बहुधा अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांतच बिघडलेला असतो.

नकाराचे पत्र वाचता येणे हे या कामातले पहिले कौशल्य होय. कामगाराच्या दृष्टीने सगळे नकार सारखेच, परंतु कायद्यात त्यांची दारे वेगवेगळी आहेत. झालेली इजा ‘रोजगारजन्य इजा’ नाही, म्हणजे ती कामातून आणि कामाच्या ओघात उद्भवलेली नाही, असे विमा कार्यालयाने ठरवले असेल, किंवा संबंधित व्यक्ती विमाधारकच नव्हती असे म्हटले असेल, तर तो वाद कलम 75 खाली कर्मचारी विमा न्यायालयात न्यावा लागतो आणि त्यासाठी कलम 77 ने वादाचे कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत दिली आहे. इजा मान्य आहे, परंतु कायम अपंगत्व नाही किंवा आहे ते फार थोडे आहे, असे वैद्यकीय मंडळाने ठरवले असेल, तर त्याविरुद्धचे अपील वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट विमा न्यायालयाकडे जाते आणि त्याची मुदत निर्णय कळल्यापासून अवघी तीन महिन्यांची असते. तीन वर्षे आणि तीन महिने यांच्या गल्लतीत चांगले दावे बुडालेले पाहण्यात आले आहेत. पत्र आले की कामगार ते आधी ठेकेदाराला दाखवतो, मग गावी जाऊन येतो, मग कोणीतरी ओळखीचा वकील सुचवतो, आणि संघटनेच्या कार्यालयात तो कागद पोहोचतो तेव्हा पाकीटही शिल्लक नसते. पत्र कधी मिळाले हे सांगणारा टपालाचा शिक्का त्या पाकिटावरच असतो, म्हणून पाकीट जपून ठेवण्याचा आग्रह धरावा लागतो.

पहिल्या प्रकारच्या नकारांमागे बहुतेकदा एकच ओळ सापडते. अपघात झाल्यावर लहान वर्कशॉपचा मालक कामगाराला विमा योजनेच्या रुग्णालयात न नेता जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो, खर्च आपण करू असे सांगतो, आणि भरती करताना केसपेपरावरील पूर्वइतिहासाच्या रकान्यात ‘घरी दरवाजात बोट सापडले’ असे लिहून घेतले जाते. ते सांगणारा बहुधा सोबत आलेला सुपरवायझर असतो. कामगार वेदनेने अर्धमेला झालेला असतो, आणि शुद्धीवर असला तरी बिल कोण भरणार हे ठाऊक असल्यामुळे गप्प बसतो. महिना-दोन महिन्यांनी मालकाचा हात आखडतो, कामगार विम्याच्या शाखा कार्यालयात जातो, आणि तेथे ती ओळ त्याच्यासमोर ठेवली जाते. कार्यालयातील लिपिकाला दोष देण्यात अर्थ नसतो. त्याच्यासमोर एका नोंदणीकृत डॉक्टरने अपघाताच्या दिवशी लिहिलेला कागद असतो आणि त्याच्या विरोधात नंतर केलेले तोंडी निवेदन.

अशा एका प्रकरणात प्रेसवरील कामगाराच्या तर्जनीची दोन पेरे गेली होती आणि केसपेपरावर दरवाजाच होता. अपघातपुस्तकात, म्हणजे कारखान्याने प्रत्येक अपघाताची नोंद ठेवायच्या वहीत, त्या तारखेला काहीच लिहिलेले नव्हते, आणि सोबतचे कामगार साक्षीला यायला तयार नव्हते, ज्याबद्दल त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे असे वाटत नाही. दावा तगला तो शस्त्रक्रियेच्या नोंदीमुळे. केसपेपर निवासी डॉक्टरने विचारून लिहिलेला होता, परंतु शस्त्रक्रियेची नोंद सर्जनने स्वतः पाहून लिहिलेली होती, आणि तिच्यात जखमेत काळे ग्रीस व धातूचे बारीक कण आढळल्याचे व जखम वारंवार धुवावी लागल्याचे नमूद होते. घराच्या लाकडी दरवाजात सापडलेल्या बोटात ग्रीस कोठून आले, या प्रश्नाला समोरच्या बाजूकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक प्रकरणात रुग्णालयाकडून फक्त डिस्चार्ज कार्ड न घेता संपूर्ण कागदपत्रे, म्हणजे परिचारिकांच्या नोंदी, भूलतज्ज्ञाचा कागद, औषधांची यादी आणि शस्त्रक्रियेची नोंद, लेखी अर्ज करून मागवण्याची पद्धत पडली. खोटी माहिती सांगणारा एका रकान्यापुरते सांगतो. बाकीचे रकाने ज्याचे त्याने आपापल्या कामापुरते भरलेले असतात.

कायदा या टप्प्यावर कामगाराच्या बाजूने बराच झुकलेला आहे, पण ते सहसा कोणी सांगत नाही. कलम 51-अ प्रमाणे अपघात कामाच्या ओघात झाला हे दिसून आले, की विरुद्ध पुरावा नसेल तर तो कामातूनच उद्भवला असे गृहीत धरावे लागते. कलम 51-ब त्याहून महत्त्वाचे आहे: कामगाराने एखादा नियम किंवा मालकाचा आदेश मोडला असला, तरी ते कृत्य मालकाच्या धंद्यासाठी केलेले असेल आणि नियमभंगाखेरीज तो अपघात कामातूनच झाला असे ठरले असते, तर दावा बाद होत नाही. ‘गार्ड तूच काढला होतास, आता तुला काही मिळणार नाही’ हे वाक्य प्रेस शॉपमध्ये इतक्या वेळा उच्चारले जाते, की कामगार ते कायद्यातलेच समजतात आणि अर्ज करण्यापूर्वीच माघार घेतात. वास्तविक गार्ड काढल्याशिवाय तासाला ठरवून दिलेला आकडा पुरा होत नाही, हे गार्ड काढणाऱ्यालाही ठाऊक असते आणि काढू देणाऱ्यालाही. योजनेबाहेरच्या कामगारांना लागू होणाऱ्या 1923 च्या भरपाई कायद्यात मात्र सुरक्षासाधन जाणूनबुजून काढले असल्यास, मृत्यू किंवा कायम संपूर्ण अपंगत्व वगळता, मालकाला बचाव मिळतो. दोन कायद्यांतील हा फरक अनेक वकिलांच्याही ध्यानात नसतो.

ठेकेदारी कामगारांच्या बाबतीत नकाराचे आणखी एक कारण पुढे येते. अपघात सकाळी होतो, कामगाराची विम्यातील नोंदणी त्याच दिवशी संध्याकाळी केली जाते, आणि मग नोंदणीची वेळ अपघातानंतरची असल्यामुळे दावा संशयास्पद ठरतो. संशय अनाठायी असतो असे नाही, कारण नातेवाइकाला कागदोपत्री कामगार दाखवण्याचे प्रकारही घडतात. परंतु कायद्यातील व्याख्येनुसार ज्याच्याबाबत वर्गणी देय आहे किंवा होती तो विमाधारक होय. ती भरली गेली की नाही हा मालक आणि विमा महामंडळ यांच्यातला हिशेब आहे. म्हणून अशा प्रकरणात नोंदणीविषयी भांडत बसण्यापेक्षा कामगार त्याआधीपासून कामावर होता हे दाखवणे सोपे आणि परिणामकारक ठरते. हजेरीपत्रक ठेकेदाराकडे असते आणि ते मिळत नाही. पण गेटवरच्या वहीतील सही, शिफ्टला ये म्हणून सुपरवायझरने मोबाईलवर पाठवलेला निरोप, कँटीनच्या कुपनांचे अर्धे फाटलेले पुस्तक, खोलीमालकाकडे दिलेला कंपनीचा पत्ता, असे बरेच काही पिशवीच्या तळाशी सापडते. एका तरुणाच्या प्रकरणात सुरक्षाबूट दिल्याची पावती निर्णायक ठरली, कारण तिच्यावर अपघाताच्या आधीची तारीख आणि बुटाचा नंबर दोन्ही होते.

इजा मान्य झाल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो आणि तो अधिक नाजूक असतो. जखम भरेपर्यंतच्या काळात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या 90 टक्के दराने मिळतो. त्यानंतर काही उणीव कायम राहिली असेल, तर वैद्यकीय मंडळ, म्हणजे हे ठरवण्यासाठी नेमलेले डॉक्टरांचे मंडळ, कामगाराची ‘कमाईक्षमतेची हानी’ टक्क्यांत ठरवते, आणि तितके टक्के लाभ त्याला हयातभर मिळतो. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणत्या अवयवाला किती टक्के याचा तक्ताच दिलेला आहे. अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर 14, तिची दोन पेरे गेली तर 11, एक पेर गेले तर 9, आणि हाड शाबूत राहून नुसते टोक गेले तर 5. मधल्या बोटासाठी हेच आकडे 12, 9, 7 आणि 4. अनामिका किंवा करंगळीसाठी 7, 6, 5 आणि 2. रोज सरासरी 600 रुपये वेतन असलेल्या कामगाराचा पूर्ण दर 540 रुपये धरला, तर 9 टक्क्यांना रोजचे 48 रुपये 60 पैसे, म्हणजे तीस दिवसांचे 1,458 रुपये होतात आणि 5 टक्क्यांना 810. हाड किंचित गेले की शाबूत राहिले, एवढ्यावरच या दोन रकमांतला फरक ठरतो, आणि तिशीतल्या कामगाराला तो फरक पुढची तीस-चाळीस वर्षे पुरणार असतो.

त्यामुळे क्ष-किरणाच्या फिल्मला या कामात फार किंमत येते. अपघातानंतर लगेच काढलेल्या पहिल्या फिल्ममध्ये हात बँडेजात किंवा बोट वाकलेले असते आणि टोकाचे हाड मागच्या सावलीत लपते. मंडळासमोर तीच फिल्म गेली, तर ‘टोक गेले, हाड शाबूत’ असा निष्कर्ष निघू शकतो. जखम भरल्यावर त्या एकाच बोटाची, दोन्ही बाजूंनी आणि शक्य असल्यास दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशेजारी ठेवून काढलेली फिल्म पाहिली, की शेवटच्या पेराच्या हाडाचे टोक तुटून सपाट झालेले कधी कधी साध्या डोळ्यांनाही दिसते. अपिलात अशी फिल्म जोडली आणि तिच्यासोबत अस्थिरोगतज्ज्ञाचे दोन ओळींचे मत जोडले, तर लांबलचक युक्तिवादाची गरज उरत नाही. डॉक्टरांचे मतही ‘रुग्णास त्रास आहे’ अशा मोघम भाषेत असू नये. कोणत्या बोटाचे कोणते पेर, हाडाची लांबी किती कमी, सांधा किती अंशांत वळतो, एवढे लिहिलेले असले की पुरे.

मंडळासमोर मात्र कागदाइतकाच कामगार स्वतः महत्त्वाचा असतो, आणि तेथे एक विचित्र अडचण येते. ज्याने आयुष्यभर ‘होत नाही’ असे म्हटले तर उद्यापासून काम बंद, हे पाहिलेले असते, तो डॉक्टरने ‘काम जमतं का?’ असे विचारताच सवयीने ‘जमतंय साहेब’ म्हणून जातो. मूठ वळायला सांगितली की दात आवळून वळतो, पेन उचलायला सांगितले की शाबूत बोटांनी उचलून दाखवतो, आणि बाहेर आल्यावर हात कळा मारतो म्हणून बाकावर बसून राहतो. मंडळाच्या नोंदीत ‘पकड समाधानकारक’ असे लिहिले जाते आणि ते खोटे नसते. पन्नाशीच्या एका फिटरने तर मंडळापुढे जाण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळून बोटे मोकळी करून घेतली होती, कारण साहेबांसमोर हात नीट चालला नाही तर ते नामुष्कीचे, असे त्याला मनापासून वाटत होते. त्याचा टक्का कमी लागला.

यावर उपाय म्हणून कामगाराला दिवसभरात काय जमत नाही ते घरच्यांसमोर सांगायला लावणे सुरू झाले, आणि बहुतेक वेळा ते बायकोच सांगत असे: शर्टाचे वरचे बटण लागत नाही, भाकरी मोडताना ताट सरकते, लहान मुलाच्या चपलेचा पट्टा ओढता येत नाही, थंडीत पाण्याच्या नळाला हात लावला की कळ खांद्यापर्यंत जाते. कामाच्या बाबतीत त्याहून नेमके विचारावे लागते. संघटनेच्या टेबलावर सहा मिलिमीटरचा एक नट-बोल्ट ठेवलेला असे आणि कामगाराला जखमी हाताने तो फिरवायला सांगितले जाई. नट बोटांतून खाली पडला की त्यालाच कळत असे, की फिटरचे काम आता आपल्याला पूर्वीसारखे होणार नाही. ही माहिती एका कागदावर लिहून, कामगाराच्या सहीने, मंडळापुढे तपासणीच्या वेळी देता येते. तिच्यात नसलेले दुखणे घालण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्याला थारा देऊ नये; आत मूठ मिटत नाही म्हणणारा कामगार सही करताना पेन घट्ट धरतो, हे मंडळावरील अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाही, आणि मग खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास उडतो.

बोट तुटलेलेच नाही, पण निकामी झाले आहे, अशा प्रकरणांत शून्य टक्के मिळण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. दाबले गेलेले बोट सर्जनने कौशल्याने वाचवलेले असते, पाहणाऱ्याला पाचही बोटे दिसतात, पण सांधा आखडलेला असतो किंवा मज्जातंतू तुटल्यामुळे बोटात संवेदना नसते. अनुसूचीच्या शेवटी एक टीप आहे, की अवयवाचा वापर संपूर्णपणे आणि कायमचा गेला असेल तर तो अवयव गेल्यासारखाच मानावा. तक्ता पाहणारे पुष्कळ असतात, पण ही टीप वाचणारे थोडे. एका कामगाराची मधली दोन बोटे अशी ताठ राहिली होती, आणि शस्त्रक्रिया करून ती वाचवली नसती तर आपल्याला अधिक पैसे मिळाले असते, असे तो चेष्टेने म्हणत असे. त्या चेष्टेत तथ्य होते, आणि अपिलात टिपेचा आधार घेऊन हालचालींचे अंश मोजून दाखवल्यावर ते दूर झाले.

सर्वांत कडू अनुभव एकरकमी रकमेचा आहे. रोजचा लाभ आणि त्याचे एकूण मूल्य ठरावीक मर्यादेत असेल, तर हयातभरच्या लाभाऐवजी सगळी रक्कम एकदम मिळण्याची सोय आहे, आणि लहान टक्क्यांच्या कामगारांना ती मोठी आकर्षक वाटते, कारण त्या सुमारास डोक्यावर खासगी दवाखान्याचे, किराणा दुकानाचे आणि मेव्हण्याचे असे सगळ्यांचे देणे झालेले असते. परंतु कलम 54-अ मध्ये स्पष्ट तरतूद आहे, की मंडळाच्या निर्णयाच्या आधारावर एकरकमी रूपांतरासाठी अर्ज करून ती रक्कम स्वीकारली, की त्या निर्णयाविरुद्ध विमाधारकाला अपील करता येत नाही. टक्का कमी लागला हे मान्य असूनही, क्ष-किरण फिल्म हातात असूनही, रक्कम उचललेली असल्यामुळे परत पाठवावे लागलेले कामगार या कामात भेटले. त्यांच्यापुढे कलम वाचून दाखवण्याने काही साधत नाही. म्हणून मंडळाचा निर्णय आला, की आधी अपिलाचा विचार करावा आणि तो होईपर्यंत एकरकमी अर्जावर सही करू नये, हे इतर सगळ्या सल्ल्यांच्या आधी सांगावे लागते. मंडळाने टक्का तात्पुरता ठरवला असेल तर ती मुदत संपण्यापूर्वी पुन्हा तपासणी व्हायला हवी, हेही ध्यानात ठेवावे लागते. पुढे दुखणे अनपेक्षितपणे आणि बरेच वाढले, तर कलम 55 खाली फेरविचार मागता येतो.

काही नकार नकारासारखे दिसतही नाहीत. टक्का योग्य लागतो, पण रोजचा दर इतका कमी निघतो की कामगार चक्रावतो. शोध घेतल्यावर कळते, की मालकाने वर्गणी भरताना खऱ्या पगाराचा एक भागच दाखवला होता आणि बाकी रक्कम भत्ता म्हणून रोखीने दिली होती. वर्गणी कमी कापली जाते म्हणून कामगारही इतकी वर्षे समाधानी असतो. यात पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे पासबुक हाच पुरावा, आणि रोखीचा पुरावा सहसा कोणाकडेच नसतो.

सगळी अपिले जिंकली जातात असे नाही. कामावर येता-जाताना झालेल्या अपघाताविषयी 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने, कारखान्यापासून सुमारे किलोमीटरभर अंतरावर सायकलवरून कामाला येताना जखमी झालेल्या कामगाराचा दावा अमान्य केला होता. 2010 च्या दुरुस्तीने कलम 51-ई आणून घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही रोजगारजन्य मानले, मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे अशी अट घातली. पॅकिंग विभागातील एक कामगार स्त्री मुलाला शाळेत सोडण्यासाठी नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या बाजूला गेली आणि तेथे तिला वाहनाने धडक दिली. शाळा आणि कारखाना दोन्ही सकाळी सातला सुरू होत असत, आणि घरी दुसरे कोणी नव्हते. तिचे अपील फेटाळले गेले. कायद्याचा अर्थ त्या निर्णयात चुकीचा लावला गेला असे म्हणता येणार नाही, परंतु घर ते कामाची जागा हा सरळ रस्ता बायकांच्या वाट्याला फारसा येत नाही, एवढे नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते.

शरीराची हानी आणि कमाईची हानी या दोन गोष्टी एक नव्हेत, हे 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या त्या सुताराला एका हाताने सुतारकाम करता येणार नाही, म्हणून अपंगत्व संपूर्णच मानावे, असा तो निर्णय 1923 च्या भरपाई कायद्याखालचा होता, आणि विमा योजनेतील अपिलांतही विचाराची दिशा दाखवण्यापुरता तो उपयोगी पडतो. तसेच शासकीय रुग्णालयाकडून मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हा वेगळा कागद आहे. बसच्या सवलतीसाठी किंवा नोकरीतील आरक्षणासाठी त्याचा उपयोग असला, तरी त्यावरील टक्के आणि विमा मंडळाचे टक्के जुळलेच पाहिजेत असे नाही. हे दोन कागद समोरासमोर धरून ‘तिथे जास्त लिहिलंय मग इथे का नाही’ असा वाद घालण्यात बराच काळ फुकट जातो.

अपील लांबते. तारखा पडतात, कामगार दरवेळी खाडा करून येतो, खाड्याची मजुरी बुडते, आणि ठेकेदार त्याला हळूहळू कामावरून कमी करतो. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुरू असेपर्यंत कलम 73 मालकाला त्याला काढू देत नाही, पण फिट सर्टिफिकेट मिळाल्यानंतर ते संरक्षण संपते, आणि अपील तर त्यानंतरच सुरू होते. या काळात वकिलाच्या फीची धास्ती सर्वांत मोठी असते. ती अनेकदा अनावश्यक असते, कारण कलम 79 प्रमाणे विमा न्यायालयात नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी कामगाराच्या लेखी अधिकारपत्रावर त्याच्या वतीने उभा राहू शकतो. कायद्याचे शिक्षण नसलेल्या पदाधिकाऱ्यालाही हे काम जमते. त्याला केसपेपर वाचता आला पाहिजे, प्रेस कशी चालते हे ठाऊक पाहिजे आणि तारखा चुकवता कामा नयेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली असून 1948 आणि 1923 चे कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. येथे दिलेली कलमे आणि मुदती ज्या काळात ही प्रकरणे लढवली गेली त्या काळातील आहेत, त्यामुळे आज अर्ज करणाऱ्याने संहितेतील कलमांचे क्रमांक आणि मुदती आधी तपासून घ्याव्यात. हा मजकूर वाचणाऱ्यांत कोणी सुपरवायझर, टाइमकीपर किंवा दवाखान्यात केसपेपर लिहिणारे डॉक्टर असतील, तर त्यांना एवढीच विनंती आहे, की अपघाताची नोंद त्याच दिवशी, यंत्राचे नाव आणि वेळ घालून करावी, आणि दरवाजा लिहिण्यापूर्वी जखमी माणसाला एकट्याला विचारावे.